गोळ्यांच्या आधी घर आणि ताट

चि. राणीस,


तुझं पत्र पोचलं. गोवंडीच्या एका रुग्णाने टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांतच सोडल्या, म्हणून तू वैतागली आहेस. ‘औषध फुकट मिळतं, तरी ही माणसं ऐकत नाहीत,’ हे तुझं वाक्य मला टोचलं. तुझी इंटर्नशिप चालू आहे तोवरच या विषयावर चार शब्द लिहितो.

रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला. आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या शरीरात तो निपचित पडून असतो. आजारी मात्र त्यांतले थोडेच पडतात. ते कोण, हे बऱ्याच अंशी घर आणि ताट ठरवतं.

गोवंडी-मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड एकदा स्वतः फिरून ये. प्रकल्पांसाठी उठवलेल्या झोपड्यांतली माणसं इथे २२५ चौरस फुटांच्या घरांत आली. इमारती इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. मधल्या गल्लीत कचरा, त्यामुळे खिडकी बंदच. एकाच खोलीत सगळं घर झोपतं. खोकल्यातून उडालेला जंतू उन्हात मरतो, वाऱ्याने पांगतो. इथे ऊनही नाही आणि वाराही नाही. या वसाहतींची पाहणी झाली, तेव्हा जिथे उजेड आणि हवा कमी तिथेच टीबी जास्त आढळला.

आता ताट. झारखंडमध्ये टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरी एक मोठा अभ्यास झाला; तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. उपचार आणि शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला. निम्म्या घरांत मात्र बाकीच्या माणसांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. डाळभाताने एवढं केलं!

तुझा रुग्ण सकाळी काही खाऊन गोळ्या घेत होता का? उपाशीपोटी त्या घेतल्या की मळमळतं, आणि मळमळत असताना नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळत नाही. या गोळ्यांनी लघवी लालसर झाली की माणूस घाबरतो. हे त्याला कुणी आधी सांगितलं होतं?

तो पुन्हा आला की रागावू नकोस. घरात किती जण झोपतात, खिडकी उघडते का, काल काय जेवलास, एवढं विचार आणि केसपेपरवर लिही. घरच्या सगळ्यांची तपासणी करून घे. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये त्याच्या खात्यात येतात का, ते बघ. एकाच इमारतीतून रुग्ण येत राहिले, तर वरिष्ठांना लेखी कळव. अशी घरं पुन्हा बांधली जाऊ नयेत, हे ठणकावून सांगणंही डॉक्टरचंच काम आहे.

तुझा,
काका