माळ्यावरची कुऱ्हाड

न्यू ऑर्लिन्समधली जुनी माणसं घराच्या माळ्यावर कुऱ्हाड ठेवतात. १९६५ च्या सप्टेंबरात बेट्सी वादळाचं पाणी घरांत शिरलं तेव्हा लोक जीव वाचवायला माळ्यावर चढले. पाणीही मागोमाग चढत आलं, आणि आतून छप्पर फोडायला हातात काही नव्हतं. तेव्हापासून ही कुऱ्हाड. वादळ येणार म्हटलं की कोणत्याही किनाऱ्यावर एक वाक्य ऐकू येतं : नशिबात असेल ते होईल, घर सोडून जायचं कशाला? त्यामागे खरा धार्मिक प्रश्न आहे. ज्याचा देवावर भरवसा आहे त्याने पळावं का? पळणं म्हणजे भरवसा कमी पडणं नव्हे का? मला या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्या कुऱ्हाडीत दिसतं. जो माणूस माळ्यावर कुऱ्हाड ठेवतो त्याने सगळं दैवावर सोडलेलं नाही. पाणी किती चढेल, छप्पर कुठे फोडता येईल, याचा हिशेब त्याने मनाशी केलेला आहे. म्हणजे थांबणं हाही प्रयत्नच, आणि एकदा प्रयत्न म्हटला की तो नीट केला की नाही, हे विचारायला हवं.

दैव किंवा प्रारब्ध हा मुळात मागे वळून पाहण्याचा शब्द आहे. झालेलं सोसायला तो बळ देतो. उद्या सकाळी काय करायचं, हे तो सांगू शकत नाही, कारण माझ्या प्रारब्धात थांबणं आहे की निघणं, हे मी निवडल्याशिवाय मला कळायचं कसं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. दैव नाकारलेलं नाही, पण ते पाचवं आहे. आधीच्या चारांचा विचार न करता थेट पाचव्याला हात घालणं याला मी भक्ती म्हणणार नाही; तो विचार टाळणं आहे. न्यू ऑर्लिन्सचे कॅथलिक वादळांच्या दिवसांत ज्या मरियमेची करुणा भाकतात तिचं नावच ‘त्वरित साहाय्य करणारी माता’ असं आहे. तिची प्रार्थना गावाबाहेर निघालेल्या गाडीत बसूनही करता येते.

पण इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. थांबलेल्यांना दैववादी म्हणणं हाच त्यांच्यावर अन्याय नाही का? कतरिना चक्रीवादळाच्या वेळी न्यू ऑर्लिन्स शहर रिकामं करण्याची सक्तीची सूचना २८ ऑगस्टला, रविवारी सकाळी निघाली; दुसऱ्या दिवशी पहाटे वादळ किनाऱ्याला भिडलं. शहरातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक घरांत मोटार नव्हती. लुइझियाना राज्यात जे दगावले त्यांतले जवळपास निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते. पायऱ्या उतरता येत नाहीत, महिनाअखेर असल्याने हातात पैसे नाहीत, निवाऱ्यात कुत्र्याला घेत नाहीत. अशी माणसं ‘देव बघेल’ म्हणतात तेव्हा ते तत्त्वज्ञान नसतं, उरलेली एकमेव गोष्ट असते. माझ्या मते ओडिशाने हे लख्ख दाखवून दिलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ येण्याआधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. या चौदा वर्षांत कोणाची जगन्नाथावरची श्रद्धा आटली नव्हती. वाढले होते ते किनाऱ्यावरचे पक्के निवारे, वेळेवरचे इशारे आणि दारोदार जाऊन ‘चला’ म्हणणारी माणसं. श्रद्धेमुळे लोक हलत नाहीत, हे निदानच चुकीचं होतं. दैवाचं नाव घेऊन माणसांची कसूरही झाकली जाते : कतरिनात न्यू ऑर्लिन्सचा बहुतांश भाग बुडाला तो बांध फुटल्यामुळे, आणि ते बांधणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये आपली रचना सदोष होती असं कबूल केलं.

दुसरा आक्षेप : निघणंही जीव घेतं. हे खरं आहे. कतरिनानंतर महिन्याभरात रिटा वादळाच्या भीतीने टेक्सासचे रस्ते तुंबले आणि वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला डॅलसजवळ आग लागून २३ जण गेले. म्हणून ‘निघणं हेच शहाणपण’ असं सूत्र मी मांडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हलवता येत नाही म्हणून त्याच्या उशाशी थांबणारी परिचारिका किंवा मुलगी दैवावर काही सोडत नाही. तिने आपलं कर्म ओळखलेलं असतं. ‘माझा जीव, माझी मर्जी’ म्हणणाऱ्या धडधाकट माणसाचं मात्र तसं नाही. त्याला छपरावरून उतरवायला कोणीतरी होडी घेऊन येतोच, त्या होडीत बसणाऱ्यालाही घर असतं. थांबण्याचा हक्क मी मानतो, पण त्याची किंमत एकटा मीच मोजणार आहे, असं समजणं खोटं आहे.

कतरिनानंतर न्यू ऑर्लिन्सने सतरा ठिकाणी पोलादी मनुष्याकृती उभ्या केल्या, चौदा फूट उंच, गाडीला हात दाखवावा तसा एक हात वर केलेल्या. ज्याच्याकडे वाहन नाही त्याने तिथे यायचं, शहर त्याला बाहेर नेईल. २०२१ मध्ये आयडा वादळ इतक्या झपाट्याने वाढलं की शहर रिकामं करायला वेळच उरला नाही. त्या आकृतींपाशी बस आल्या नाहीत. २९ ऑगस्टलाच, कतरिनाच्या तारखेला, ते येऊन थडकलं. या वेळी बांध टिकले. मग कित्येक दिवस वीज नव्हती, आणि बंद खोल्यांतल्या उकाड्याने माणसं गेली, त्यांत म्हातारी पुष्कळ होती.