पाहुण्याला हरवताना



परवा चर्चच्या मैदानावर फुटबॉलचा सामना झाला. शेजारच्या गावातील मुले पाहुणी म्हणून आली होती. आपली मुले जिंकली. आम्हीही रेषेवर उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. मग फटाके, गुलाल, फोटो. या गडबडीत पाहुणी मुले न जेवताच एसटीने निघून गेली, हे आमच्या रात्री ध्यानात आले. भात पातेल्यात तसाच राहिला होता. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे : आपणच बोलावलेल्या पाहुण्याला हरवून आनंद करणे योग्य आहे का?

मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. ११ देशांचे खेळाडू जमले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात शैलेन मन्ना यांच्या संघाने इराणला १-० असे हरवले. गोल साहू मेवालाल यांचा. स्वतंत्र होऊन चार वर्षेही न झालेल्या देशाला केवढा हर्ष झाला असेल! पण मैदान आपले, प्रेक्षक आपले. शिवाय इराणला जपानविरुद्धचा उपान्त्य सामना बरोबरीमुळे दोनदा खेळावा लागला होता. मग हा विजय कमी प्रतीचा म्हणायचा का?

आम्हांला तसे वाटत नाही. पाहुणा खेळायला आला होता. त्याच्यासाठी मुद्दाम हरणे म्हणजे त्याला दुबळा समजणे. तो सन्मान नव्हे, अपमानच. जीव तोडून खेळणे हासुद्धा आदराचाच भाग आहे. म्हणजे दोष जिंकण्यात नाही. मग तो कोठे असतो?

त्यासाठी १९६२ चे जकार्ता आठवावे. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊच दिले नाही. दिल्लीच्या स्पर्धांसाठी झटलेले गुरुदत्त सोंधी यांनी याला विरोध केला, तेव्हा लोकांचा राग भारतावर उलटला. जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी भारताची हुर्यो उडवली. तरीही आपण दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. सांगलीजवळच्या कवठे पिरानचे मारुती माने यांनी त्याच स्पर्धांत कुस्तीचे एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवले. आपल्या मातीतला हा मल्लही तेथे पाहुणाच होता.

याउलट, महायुद्धानंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे दार ज्या जपानला बंद होते, त्याला दिल्लीने १९५१ मध्ये आत घेतले होते. तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७९५ मध्ये मांडले, की परक्याला शत्रूसारखे न वागवणे ही आपली मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे. हक्क म्हटला, की आपली मर्जी संपते. मैदान, पंच, गर्दी, पाणी ही सारी ताकद यजमानाच्या हाती असते. म्हणून जबाबदारीही त्याचीच अधिक. आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांत बाहेरगावच्या पैलवानाने गावच्या पैलवानाला चीत केले, तरी गावकरी त्याला फेटा बांधतात. ही समज आपल्याकडे पुस्तकांतून आलेली नाही.

शुभवर्तमानातील शिमोन परुश्याने प्रभू येशूला जेवायला बोलावले. पण पाय धुवायला पाणी दिले नाही. आमच्याकडे पाणीही होते आणि भातही. पाहुण्यांकडे बघायला मात्र कोणी नव्हते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ती जिंकली होती, त्यांनी नाचायलाच हवे होते. यजमान आम्ही होतो.

म्हणून येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या गावी जाणार आहोत : चूक कबूल करायला आणि पुन्हा जेवायचे आमंत्रण द्यायला. मुलांनो, तुम्हीही चला. त्यांनी तेथेच सामना मांडला, तर पाहुणे होऊन खेळा. हरलात, तर त्यांच्या आनंदात टाळ्या वाजवा. आणि जेवायला बसवले, तर न जेवता उठू नका.