मापातले पाप

'मापात पाप करू नये' असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. हा उपदेश ज्या काळात रूढ झाला, त्या काळातले पाप ओळखायला फारशी विद्वत्ता लागत नसे. तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असे, मापट्याचा तळ आतून उचललेला असे, किंवा दूधवाल्याने घरी येण्यापूर्वी वाटेतला नळ गाठलेला असे. गिऱ्हाईक चाणाक्ष असले तर पारडे उलटे करून पाही आणि भांडण तिथल्या तिथे मिटे. पुढे 1956 साली वजनमापांचा कायदा झाला. 1958 पासून शेर-पायलीच्या जागी किलो आणि लिटर टप्प्याटप्प्याने आले. आज पिंपरीच्या मंडईतल्या भाजीवाल्याच्या काट्यावरही सरकारी तपासणीचा शिक्का असावा लागतो. किलो म्हणजे किती, हे विकणाऱ्याने ठरवावयाचे नाही, एवढी एक गोष्ट समाजाने पक्की केली; ती काही लहान नव्हे.

परंतु आज आपण ज्या वस्तूंसाठी वर्षभराची शिल्लक मोडतो, त्यांपैकी कित्येकींचे माप अजून विकणाराच ठरवितो. आणि मोठी अडचण अशी, की तो खोटे माप देतो असे म्हणता येत नाही. आकडा खरा, छापलेला शब्द खरा, आणि तरीही घेणारा मात्र फसलेला! या प्रकाराला नीतीच्या भाषेत काय म्हणावे, हा प्रश्न मला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हा प्रश्न पडावा, यात एक औचित्य आहे. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे आकुर्डी-भोसरीपासून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. ही सारी वस्ती मापावर जगते. इथल्या टूलरूममध्ये मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज ही सारी ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागतात. त्यांच्यावर पुढच्या तपासणीची तारीख चिकटवलेली असते, आणि ती तारीख उलटलेल्या गेजने मोजलेला जॉब तपासनीस हातात घेत नाही.

अशाच एका टूलरूममध्ये तीस वर्षे काढून निवृत्त झालेले नाना आमच्या शेजारी, निगडी प्राधिकरणात, राहतात. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तिच्यासाठी लॅपटॉप घ्यावयाचा, आणि हात आखडता. दुकानातून आणलेली तीन पत्रके माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "अहो, हे तिन्ही 'रायझन 5'. पुढे आकडा 7520, 7530 आणि 7540. दहा-दहाचाच फरक. दुकानदार म्हणतो, काका, स्वस्तातला घ्या, एकोणीस-वीसचा फरक आहे. मग किमती एवढ्या निराळ्या कशा?"

ज्याचे आयुष्य आकडे वाचण्यात गेले, त्याने दहाचा फरक दहाच समजावा यात नवल नाही. पण हे आकडे मोजून आलेले नव्हतेच. एएमडी या कंपनीने 2022 मध्ये लॅपटॉपच्या प्रोसेसरांना क्रमांक देण्याची नवी पद्धत जाहीर केली. तीत पहिला अंक बाजारातले वर्ष सांगतो, दुसरा दर्जा सांगतो, आणि आतली रचना कोणत्या पिढीची आहे हे तिसऱ्या घरात सांगितलेले असते. 7520 मधली 'झेन 2' ही रचना 2019 ची आणि तिच्यात चार कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे चार गडी. 7530 मधली 'झेन 3' 2020 ची, 7540 मधली 'झेन 4' 2022 ची, आणि या दोहोंत सहा-सहा कोअर. म्हणजे दहा-दहाच्या पायऱ्यांच्या आत पिढ्यांचे अंतर होते. त्यातून पत्रकावर मूळ वेगाचा एक रकाना असतो. त्यात 7520 पुढे 2.8 गिगाहर्ट्झ आणि 7530 पुढे 2.0! तो रकाना पाहणाऱ्याला जुनाच घोडा तरणा वाटावा.

नाना सारे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे यात खोटं काहीच नाही. आणि मला मात्र फसल्यासारखं वाटतंय."

त्यांच्या या वाक्यातच सारा प्रश्न आला. तो नवा नाही, हे संगणकाचा थोडा इतिहास पाहिला तरी कळते. 1996 च्या सुमारास सायरिक्स नावाची कंपनी स्वस्त प्रोसेसर विकीत असे. तिच्या एका प्रोसेसरचे नाव होते 'पीआर 200+', आणि त्याच्या घड्याळाचा खरा वेग होता 150 मेगाहर्ट्झ. कंपनीचे म्हणणे असे, की आमचा 150 चा प्रोसेसर पेंटियमच्या 200 च्या बरोबरीचे काम करतो. कचेरीतल्या पत्रव्यवहारापुरते आणि हिशेबापुरते ते खरेही होते. पण दशांशाच्या गणितात तो लंगडा होता. त्यामुळे घरातल्या मुलाने नवा त्रिमितीय खेळ लावला की त्याची दमछाक होई.

मग 2000 च्या नोव्हेंबरात इंटेलचा पेंटियम 4 आला. त्याच्या घड्याळाचे ठोके 1.4 आणि 1.5 गिगाहर्ट्झ, आणि ते अगदी खरे. परंतु दर ठोक्याला होणारे काम कमी असल्यामुळे काही कामांत 1 गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम 3 त्याच्या पुढे जाई. पावले भराभर पडावीत पण प्रत्येक पाऊल आखूड असावे, तसा प्रकार. त्यावर एएमडीने 2001 मध्ये आपल्या 1533 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला 'अ‍ॅथलॉन 1800+' असे नाव दिले. 1800 हा आकडा त्या यंत्रात कुठेच नव्हता; तरी 1.8 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 शी त्याची तुलना केली तर तो कमी पडत नसे. म्हणजे मोजून घेतलेला आकडा दिशाभूल करी आणि कल्पनेतला आकडा सत्याच्या अधिक जवळ जाई. पुढे पेंटियम 4 चे गुण फुगवून दाखविल्याचा एक दावा अमेरिकेत दाखल झाला. इंटेलने आरोप मान्य केला नाही, पण 2014 मध्ये तडजोडीने जुन्या ग्राहकांना 15 डॉलर देण्याचे कबूल केले.

यावर कोणी म्हणेल, अनेक कसोट्या लावा आणि त्यांची गोळाबेरीज करा, म्हणजे झाले. पण गोळाबेरीज करताना कोणत्या कसोटीला किती वजन द्यावयाचे, हे कोणीतरी ठरवावेच लागते. घरोघरच्या फराळाची स्पर्धा ठेवली आणि चकलीला 90 व करंजीला 10 गुण ठेवले, तर पहिला क्रमांक कोणाचा येणार हे पाने वाढण्यापूर्वीच ठरते. प्रोसेसरांची तुलना करणाऱ्या एका प्रसिद्ध तक्त्याच्या कर्त्यांनी 2019 मध्ये अनेक कोअरच्या कामाचे वजन 10 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले. तेवढ्याने चार कोअरचा स्वस्त प्रोसेसर अठरा कोअरच्या महागड्या प्रोसेसरच्या वर जाऊन बसला. एकाही यंत्राचा एक स्क्रूसुद्धा हलला नव्हता. हलली होती ती फक्त कोष्टकातली टक्केवारी.

मग हे असत्य आहे काय? या ठिकाणी मला धर्मराजाची आठवण होते. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, ही गोष्ट खरीच होती. धर्मराजाने सांगितले ते अक्षरशः असत्य नव्हते. जो शब्द त्याला उघडे पाडील तो त्याने फक्त हळू उच्चारला. पण द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले ते हत्तीसाठी नव्हे. आणि व्याकरणाच्या आधारे धर्मराज निर्दोष ठरत असताना त्याचा रथ मात्र जमिनीवर आला. चार बोटे वर चालणारा रथ खाली आणणारा आपला कथाकार नीतीचे माप किती बारकाईने घेत होता! त्याने वाक्य तपासले नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटावे अशी बोलणाऱ्याची इच्छा होती, ते तपासले. सणासुदीच्या जाहिरातींत '70 टक्क्यांपर्यंत सूट' किंवा '4.3 गिगाहर्ट्झपर्यंत वेग' असे आपण वाचतो, तेव्हा त्यातला 'पर्यंत' हा हळू उच्चारलेला शब्द असतो. तो वेग थोडा वेळच टिकतो. पातळ लॅपटॉप तापला की यंत्र आपोआप मंदावते.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. क्रमांकांची किल्ली कंपनीने जाहीर केली होती. ज्याला हवी त्याने ती वाचावी. शिवाय मापाशिवाय कोणाचे चालत नाही. आमच्याकडचेच उदाहरण घ्या. 1966 मध्ये स्थापन झालेली, पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेली आणि चाकणलाही केंद्र असलेली 'एआरएआय' ही संस्था गाड्यांची तपासणी करते. तिने प्रमाणित केलेले मायलेज चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत कोणाच्याच गाडीला मिळत नाही. तरी त्या आकड्याला मी फसवणूक म्हणणार नाही. तो प्रयोगशाळेतल्या रोलरांवर, ठरलेल्या चक्राने घेतलेला असतो. सर्व गाड्यांना चक्र तेच. आणि मोजणारा गाडी विकणारा नसतो. असे माप रस्त्याचे वचन देत नसले, तरी दोन गाड्यांत डावे-उजवे करण्याच्या कामी येते.

पण परीक्षा चालू आहे हे यंत्रालाच ओळखता येऊ लागले तर? फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांबाबत तेच उघडकीस आले. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी प्रणाली त्यांत होती, हे अमेरिकेत सप्टेंबर 2015 मध्ये बाहेर आले. तिची झळ आमच्या चाकणपर्यंत पोहोचली, कारण 2009 पासून तिथे या कंपनीचा कारखाना आहे. डिसेंबर 2015 मध्ये भारतातल्या सुमारे 3 लाख 23 हजार गाड्यांच्या प्रणालीत दुरुस्ती करण्याचे कंपनीने जाहीर केले. प्रोसेसरांचीही तीच कथा. 2013 मध्ये सॅमसंगच्या एका फोनबाबत असे दिसून आले, की ठरावीक चाचण्यांची नावे ओळखली की त्याची चित्रशक्ती 480 वरून 532 मेगाहर्ट्झवर जाई. सासूच्या पावलांची चाहूल लागताच हातात झाडू घेणाऱ्या सुनेच्या जुन्या गोष्टी आपण हसत सांगतो. पण येथे झाडू धरणाऱ्याचा पगार ग्राहकाच्या खिशातून जात असतो.

या साऱ्याचा भार कोणावर पडतो, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. लाख-दीड लाखाचे यंत्र घेणाऱ्याचा आकडा थोडा फुगलेला निघाला, तरी त्याचे काम अडत नाही. चाळीस हजारांत बसवू पाहणाऱ्याला मात्र तेच यंत्र चार वर्षे पुरवावयाचे असते, चुकले तर दुसरे घेण्याची ऐपत नसते, आणि पारखून देणारा जाणकारही घरात नसतो. आकड्यावर सर्वांत जास्त विसंबतो तो हाच. आणि अवघड किल्लीचे क्रमांक, जुन्याला नवे भासविणारी नावे यांची गर्दीही नेमकी त्याच्याच खणात. 'किल्ली जाहीर होती' हे उत्तर म्हणूनच मला पुरेसे वाटत नाही. ज्याला किल्ली वाचता येते त्याला तिची गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती त्याच्यापुढे कुलूपच ठेवले होते.

म्हणून मला असे वाटते, की मापाचा खरेपणा आकड्यात नसून नात्यात असतो. आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि तो प्रश्न घेणाऱ्याचा आहे की विकणाऱ्याचा, यावर त्याची नीती ठरते. नानांनी हे तत्त्वज्ञान न सांगता आचरले. "गेज जॉबला लागतं का बघायचं, कॅटलॉग नंतर," असे म्हणून ते नातीच्या कॉलेजातल्या वरच्या वर्गातल्या मुलांकडे गेले. ड्रॉइंगचे तेच काम तासभर केले तर कोणाचे यंत्र किती तापते, किती अडखळते, हे त्यांनी शेजारी बसून पाहिले आणि मधला, 7530 चा, लॅपटॉप घेतला. ही पारख ज्याला साधते त्याने अवश्य करावी. परंतु प्रत्येक आजोबाला अशी वणवण करावी लागणे, हे काही सुधारलेल्या बाजाराचे लक्षण नव्हे. भाजीवाल्याच्या काट्यावर जसा परक्याचा शिक्का असतो, तसा या मापांवरही विक्रीशी संबंध नसलेल्या कोणाचा तरी असावयास हवा.

शक्तीचे माप देऊन यंत्र विकणाऱ्या पहिल्या माणसांत जेम्स वॅटची गणना होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीवाल्यांना वाफेचे यंत्र विकताना, ते किती घोड्यांचे काम करील हे त्याला सांगावे लागे. त्याने एका घोड्याचे काम मिनिटाला 33,000 फूट-पौंड धरले. साधारण घोडा दिवसभर इतके काम सलग ओढू शकत नाही. म्हणजे वॅटच्या दहा अश्वशक्तींच्या यंत्राने गिरणीत दहाहून अधिक घोड्यांची जागा घेतली, आणि गिऱ्हाइकाला तक्रार करण्यास जागा उरली नाही. आपल्याकडे धान्य मोजताना पायली काठाशी सपाट करीत नसत. वर शीग लावून देत. ती शीग म्हणजे अचूक माप नव्हेच. पण माझ्या मापात चूक असलीच तर ती माझ्या अंगावर यावी, तुझ्या नव्हे, असे विकणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेले ते वचन होते.