पन्नाशी उलटलेली मोटार

वस्तू जपावयाची म्हणजे ती वापरातून काढून घ्यावयाची, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज मोटारींकरिता जी स्वतंत्र नियमावली अमलात आणली तिच्यातही ती उतरली, याचे कोणास नवल वाटू नये. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे लोटलेल्या आणि चॅसी, बॉडी वा एंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकीस किंवा चारचाकीस या नियमांखाली दहा वर्षांच्या मुदतीचा दाखला मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये पडतात. पूर्वीचा नंबर कायम ठेवण्याची मुभा आहे, आणि जुन्या मुंबई राज्याची ‘बीएम’ने सुरू होणारी अक्षरे ज्यांच्या पाटीवर अजून टिकून आहेत त्यांना तिचे मोल विशेष वाटेल. मात्र एवढा मानमरातब करून झाल्यावर नियम बजावतो की, ही मोटार नित्याच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती बाहेर पडेल. चौकात हवालदाराने हटकले असता प्रत्येक मालक पेट्रोल भरावयासच निघालेला असेल, हे भाकीत करावयास ज्योतिषी नको. ज्यास ती उजळ माथ्याने रोज चालवावयाची आहे त्याने सामान्य नोंदणीचाच रस्ता धरून दर पाच वर्षांनी तपासणी व नूतनीकरण करून घ्यावे, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

या मनाईच्या मुळाशी असलेले गृहीतच मला मान्य नाही. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून १९६४ साली बाहेर पडू लागलेली फियाट ११०० डिलाइट घ्या. तिचे १०८९ सीसीचे एंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा, सकाळच्या गारव्यात ओढावा लागणारा चोक, हे सारे रोजच्या राबत्यासाठी घडविलेले आहे. अशी गाडी सहा महिने गॅरेजात झाकून ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये पेट्रोलची चिकट राळ बसते, ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी वॉशर कडक होतात आणि प्लॅटिनम पॉइंटवर गंज धरतो. भर उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल-पंपात वाफ धरली की त्यावर ओले फडके टाकून थांबावे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकापेक्षा चालकांच्या आणि मिस्त्रींच्या हाती जिवंत राहिले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी याच फियाटच्या वंशातील पद्मिनी दशकानुदशके राबविली म्हणून तर तिचे सुटे भाग स्वस्त होते, आणि नुसत्या आवाजावरून टॅपेट जुळविणारे कारागीर गल्लोगल्ली होते. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली, तेव्हा या कारागिरीचा मुख्य आश्रयदाताच गेला.

प्रतिपक्ष दुबळा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ड्रम ब्रेकची गाडी आजच्या द्रुतगती मार्गावर स्वतःच्याच नव्हे तर इतरांच्याही जिवाला घोर लावते. तिच्या धुरास कोणतीही चाळणी नाही. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून जुन्या रबरी नळ्या फुगून चिरतात, आणि तप्त एंजिनाशेजारी ठिबकणारे पेट्रोल ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हे. परंतु यांतील प्रत्येक आक्षेप गाडीच्या अवस्थेविषयी आहे, आणि अवस्था तपासता येते. जर्मनीने १९९७ पासून तीस वर्षांवरील ऐतिहासिक मोटारींस स्वतंत्र पाटी दिली आहे. तज्ज्ञाने गाडीची मूळ घडण व प्रकृती प्रमाणित केली की ती रोज कचेरीस नेण्यास मज्जाव नाही, शहरांतील प्रदूषण-नियंत्रित क्षेत्रांतही तिला प्रवेश मिळतो. ब्रिटनने चाळिशी ओलांडलेल्या आणि फारसा फेरफार न झालेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीचीच माफी दिली. हे औदार्य मला अतिरेकी वाटते, कारण वृद्धाला वैद्याची गरज तरुणाहून अधिक असते.

आपल्या नियमांत रोजच्या वापरास संपूर्ण बंदीऐवजी दोन अटी पुरेशा होतील: दरवर्षी ब्रेकचे ड्रम आणि पेट्रोलच्या नळ्या उघडून पाहणारा जाणकार निरीक्षक, आणि वर्षाकाठी काही ठराविक मैलांची मर्यादा. दुसऱ्या अटीपायी पुष्कळ मालकांना आधी वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर अडून बसलेले मैलमापक दुरुस्त करून घ्यावे लागेल, आणि तसा मिस्त्री आता शोधावाच लागतो.