ज्याचा कोणी धनी नाही, त्याचा हिशेब कोण मागेल?

शेजाऱ्याच्या अंगणातील एक वीट आपण न विचारता उचलली, तर रात्री मन अस्वस्थ होते. वीट कोणाची हे ठाऊक असते आणि क्षमा मागायची झाल्यास कोणाचे दार ठोठवायचे हेही ठाऊक असते. परंतु गावच्या तलावाची वीतभर जमीन कोणी आपल्या शेतात ओढून घेतली किंवा नदीची वाळू रातोरात उपसली, तर त्याची झोप उडत नाही. तो म्हणतो, ‘ती तर सरकारी आहे.’ आमच्या तोंडी ‘सरकारी’ या शब्दाचा अर्थ हळूहळू ‘कोणाचीच नाही’ असा होऊन बसला आहे. जे कोणाचेच नाही, ते घेण्यात अपराध तो कसला? याच प्रश्नावर आज आपण इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात विचार करू या.

यासाठी गोंदिया जिल्ह्याकडे पाहा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा आहे. येथील कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जमिनीचा उतार हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचे पाणी अडविले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव त्याच कौशल्याची साक्ष देतो. मालगुजारांच्या काळात तलावाची डागडुजी हे साऱ्या गावाचे काम असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे लांबलचक नाव लोकांनी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत केले. मालगुजारी गेली हे न्यायाचेच झाले. परंतु मालगुजाराबरोबर जबाबदारीची जाणीवही गेली. अनेक तलाव गाळाने भरले, काठावर बेशरमची झुडपे माजली आणि पाणी ओसरलेल्या जमिनीवर नांगर फिरू लागले. ऐन वेळी धानाला पाणी मिळेना आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांची जाळी रिकामी येऊ लागली.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण पाहा. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात प्रेषितांनी पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोकांना एकमेकांचे भागीदार ठरविले आहे. ‘भागीदार’ या शब्दावर थोडे थांबून विचार करा. सामायिक वस्तू बेवारस नसते, उलट तिचे हक्कदार सर्वांत अधिक असतात. दुसरी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अन्यायाने वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड घातले जाईल, असा तिचा आशय आहे. तेथे मोजमाप वीतभरच आहे. तलावाच्या काठावरील अतिक्रमणही बहुधा वीतवीतभरानेच वाढत जाते!

येथेच या प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे. अल्लाह परम दयाळू आहे. त्याच्या हक्कात झालेली चूक तो पश्चात्तापाने माफ करतो. परंतु माणसांचे हक्क बुडविले असतील, तर ज्याचा हक्क बुडाला त्याची भरपाई करावी लागते, त्याची क्षमा मिळवावी लागते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेजाऱ्याची वीट परत करता येईल. पण ज्याने तलाव बुजविला, तो कोणाकोणाच्या दारी जाईल? ज्याचे धान वाळले त्या शेतकऱ्याच्या? ज्याच्या ताटातील मासा गेला त्या ढिवराच्या? आणि जी मुले अजून जन्मलीच नाहीत, त्यांची क्षमा तो कशी मागेल? जे आम्हाला ‘कोणाचेच नाही’ म्हणून सोपे वाटते, तेच हिशेबाच्या दिवशी सर्वांत कठीण ठरणार आहे.

या हक्कदारांत काही मुकेही आहेत. सूरह अल-अनआममध्ये (६:३८) अल्लाह सांगतो की, जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. माणसाच्या उंचीचा सारस पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया आणि त्याच्या लगतच्या भागातच उरला आहे. पावसाळ्यात तो तलावाच्या उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीत गवताचे घरटे रचतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. तलाव आटला की त्याचे घर जाते; कीटकनाशके आणि विजेच्या ताराही त्याच्या जिवावर उठतात. प्रेषितांच्या एका प्रवासात सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिले उचलली. ती कासावीस होऊन पंख फडफडवू लागली, तेव्हा तिला कोणी दुखविले असे विचारून प्रेषितांनी पिले परत करण्याचा आदेश दिला. गोंदियात असे शेतकरी आहेत, जे घरट्याभोवतीचे पीक सोडून देतात आणि पिले उडेपर्यंत राखण करतात. पेरलेल्या पिकातून माणसाने, पशूने वा पक्ष्याने खाल्ले तरी ते पेरणाऱ्याच्या नावे दान लिहिले जाते, ही प्रेषितांची शुभवार्ता आहे.

तरीही एक रास्त प्रश्न उरतो. संरक्षणाचा भार गरिबानेच का सोसावा? नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. जंगल वाचणे आवश्यकच आहे. परंतु मोहफुले आणि तेंदूपत्ता यांवर चूल पेटणाऱ्या घराला त्याची झळ आधी लागते. हजरत उमर (रजि.) यांचा आदर्श येथे मार्ग दाखवितो. राखीव कुरणावर नेमलेल्या सेवकाला त्यांनी बजाविले होते की, थोडक्या उंट-मेंढ्यांच्या धन्याला आत येऊ दे. परंतु अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्यासारख्या संपन्न लोकांचे कळप दूर ठेव. त्यांचे कळप मेले तरी त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आणि शेती आहे. गरिबाकडे दुसरे काय आहे? निसर्गाचे रक्षण आणि गरिबाचे रक्षण ही एकाच अमानतीची दोन अंगे आहेत.

ही अमानत निभावणे अशक्य नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातील महिलांनी तलावातील बेशरम मुळासकट उपटली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ‘सरकारी’ तलावाला त्यांनी ‘आपला’ म्हटले, एवढाच काय तो फरक!

मग आपण कोठून सुरुवात करावी? प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ भरेल एवढ्या पाण्यात वजू करीत. आपल्या मशिदीच्या हौदावरील नळ आज किती वेळ उघडा होता, हे पाहावे. गावात तलावाचा गाळ काढण्याचे काम निघाले, तर मुस्लिम मोहल्ल्यातील तरुण फावडे घेऊन सर्वांत पुढे असावेत. आपला बांध तलावात सरकला असेल, तर तो कोणी सांगण्यापूर्वीच मागे घ्यावा. धान, पाणी आणि पाखरे यांचा खरा धनी अल्लाह आहे आणि तो हिशेब विसरत नाही.

अल्लाह आम्हा सर्वांना ही अमानत ओळखण्याची आणि तिचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.