मोत्यांच्या किनाऱ्यावरचे गाणे

अबुधाबीत 2 डिसेंबरचा राष्ट्रीय दिन जवळ आला की जागोजागी लोककलांचे मंच सजतात. त्यात ‘लिवा’ हा नाच सुरू झाला की गर्दी आपसूक त्या बाजूला सरकते. मधोमध ढोल, सनईच्या कुळातल्या सुरनायचा तीक्ष्ण सूर, भोवती संथ फिरणारे रिंगण आणि हळूहळू चढत जाणारी लय. मुलाबाळांसह आलेली मराठी कुटुंबेही रेंगाळतात. सनई त्यांच्या ओळखीची असते.

लिवा पूर्व आफ्रिकेतून आला. त्याच्या गाण्यांत अजून स्वाहिली शब्द आहेत आणि आज ते गाणाऱ्या अनेकांना त्यांचा पूर्ण अर्थ लागत नाही. हे शब्द या किनाऱ्यावर आणणाऱ्यांपैकी कित्येक जण विकत घेतलेले गुलाम होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखाती मोत्यांना आणि खजुराला जगभरातून मागणी वाढली आणि त्या मागणीने आफ्रिकी माणसांचा व्यापार पोसला, हे मॅथ्यू हॉपर या इतिहासकाराने 2015च्या पुस्तकात सविस्तर मांडले आहे. ब्रिटिश अधिकारी लॉरिमर यांच्या गॅझेटिअरनुसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यावरून सुमारे 1,200 नौका आणि 22,000 माणसे मोती काढायला जात. त्यांत स्वतंत्र पाणबुडे होते, कर्जात अडकलेले होते आणि ज्यांची कमाई मालकाच्या हाती पडे असे गुलामही होते. त्यांतले काही पळून शारजातल्या ब्रिटिश प्रतिनिधीकडे मुक्तीचा दाखला मागायला जात. त्यांचे जबाब आजही ब्रिटिश दप्तरात आहेत. लहानपणी कुठून पळवले, कुणाला विकले, हे त्यांत त्यांनीच सांगितले आहे. या किनाऱ्यावरची गुलामी कायद्याने संपली ती 1963मध्ये.

मराठी वाचकाला हा परक्यांचा इतिहास म्हणून बाजूला सारता येणार नाही. हे मोती विकले जात मुंबईच्या बाजारात. तिथे ते निवडले जात, विंधले जात, ओवले जात. आजीच्या नथीतला ‘बसरा मोती’ म्हणून जो कौतुकाने दाखवला जातो, तो याच समुद्रातला.

मग अशी गाणी उत्सवात वाजावीत का? जगभर हा प्रश्न विचारला गेला आहे आणि सगळ्या गाण्यांना एकच उत्तर चालत नाही. अमेरिकेत केंटकीचे राज्यगीत असलेल्या स्टीफन फॉस्टर यांच्या 1853च्या गाण्यातला कृष्णवर्णीयांसाठीचा हिणकस शब्द तिथल्या विधिमंडळाने 1986मध्ये बदलला. व्हर्जिनियाने 1997मध्ये आपले जुने राज्यगीत निवृत्तच केले. त्यात गुलामाच्या तोंडी मालकाच्या मळ्याची ओढ घातली होती. ते लिहिणारे जेम्स ब्लँड स्वतः कृष्णवर्णीय होते, तरी ते गीत सरकारी समारंभात गाणे अनेकांना असह्य झाले. लिवाची गोष्ट वेगळी आहे. ही गुलामांवर इतरांनी रचलेली करमणूक नव्हे. ज्यांच्याकडून गाव, नाव, भाषा हिरावली गेली, त्यांनी स्वतःसाठी राखलेली ही गोष्ट आहे. ती बंद करणे म्हणजे त्यांच्याकडून आणखी एकदा काही काढून घेणे.

पण ‘ही त्यांची कला आहे, त्यांनी ती जपावी’ असे इतरांनी म्हणणे फार सोपे असते. महाराष्ट्राने हे पाहिले आहे. तमाशा ज्यांच्या जिवावर उभा राहिला त्यांत महार-मांग कलावंत मोठ्या संख्येने होते, आणि टाळ्या वाजवणारा गाव सकाळी त्यांचा स्पर्श टाळत होता. पट्ठे बापूराव यांनी तमाशाच्या कमाईतून देऊ केलेली मदत डॉ. आंबेडकरांनी नाकारली, त्यामागे हा अपमान होता. पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचाच बाज घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले. नकार आणि नवा वापर, दोन्ही निर्णय त्याच समाजातून आले. ज्यांच्या पूर्वजांनी सोसले, त्यांना गाण्याचा पहिला अधिकार आहे आणि न गाण्याचाही.

अबुधाबीत अडचण इथेच येते. मुक्त झालेल्या अनेक घराण्यांनी मालकांच्याच टोळीचे नाव लावले. त्यांचे वंशज आज बरोबरीचे नागरिक आहेत, आणि चारचौघांत कुणाची मूळ कहाणी उकरणे हा अपमान मानला जातो. या मौनाचा आदर करायलाच हवा. मात्र एखाद्या कुटुंबाचे मौन आणि संस्थेचे मौन यांत फरक आहे. दोह्यात 2015पासून ‘बिन जलमूद हाऊस’ हे गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय उघडे आहे आणि ते एका जुन्या गुलाम-व्यापाऱ्याच्या घरातच आहे. अमिरातीतही आयशा बिलखैर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दुबईच्या संगीतातला आफ्रिकी वाटा नोंदवून ठेवला आहे. म्हणजे सामग्री आहे आणि तिच्याविषयी बोलणारी माणसेही आहेत.

लिवाच्या मंचाशेजारी एक फलक हवा, ज्यावर पूर्व आफ्रिका, मोत्यांच्या नौका, शारजातले जबाब आणि 1963 हे वर्ष असेल, आणि त्याचा मजकूर ठरवताना वादकांच्या घराण्यांतली माणसे बसलेली असतील. स्वाहिली जाणणाऱ्यांना बोलावून जुन्या कलावंतांच्या तोंडून गाण्यांचे शब्द आताच टिपून घ्यायला हवेत, कारण ती पिढी थकत चालली आहे. एखाद्या पथकाला अमुक गाणे उत्सवात नको, फक्त आपल्या लोकांत हवे असे वाटले, तर आयोजकांनी ते निमूट मान्य करावे. आणि मुंबईच्या संग्रहालयांनीही बसरा मोती मांडताना तो कुणी काढला, हे खाली लिहावे.