रक्ताचे नाते, रक्तातले गुपित

माणसाचा आजार हे त्याचे खाजगी दुःख असते आणि ते कोणाजवळ उघड करावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच असतो, हा वैद्यकशास्त्राचा फार जुना दंडक आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही रुग्णाचे गुपित पोटात ठेवण्याचे वचन आहे. परंतु जे गुपित एकाच्या रक्तात आहे, तेच त्याच्या भावंडांच्या आणि लेकरांच्याही रक्तात असेल, तर ते नेमके कोणाचे?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. ज्या घराण्यांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, त्यांचा अभ्यास करून मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधिकेने १९९० साली त्याचे एक मूळ सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. बीआरसीए-१ नावाचे ते जनुक १९९४ मध्ये हाती लागले. बीआरसीए-२ पुढल्या वर्षी. पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणे, हे या जनुकांचे काम. त्यांत घातक दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शंभरात साठ-सत्तरच्या घरात जातो. हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याचा संभव निम्मा असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी पाच-दहा जणींचाच आजार असा वारशाने आलेला असतो, हेही अर्थात ध्यानी ठेवले पाहिजे.

तेव्हा एका बहिणीच्या हाती पडलेला अहवाल दुसरीविषयीही काही सांगत असतो. तरीही आपल्या घरांतून पुष्कळदा तो कपाटात जातो. मुलींची लग्ने व्हायची आहेत, लोक काय म्हणतील, ही धास्ती त्यामागे असते. या धास्तीची कोणी थट्टा करू नये. घराण्याला लागलेला शब्द मुलीच्या आयुष्याचे काय करतो, हे आपल्या समाजाला ठाऊक आहे.

न्यायालयांनाही हा पेच सहज सुटलेला नाही. वैद्याने आपल्या रुग्णाला सावध केले की त्याचे कर्तव्य पुरे झाले, असे फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले. उलट १९९६ मध्ये न्यू जर्सीत आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाचा खटला चालला. वडील त्या रोगाने १९६४ साली वारले होते आणि मुलीला तोच रोग १९९० साली निघाला. जवळच्या नातलगांपर्यंत इशारा पोहोचावा यासाठी वाजवी प्रयत्न करणे वैद्यावर बंधनकारक आहे, असे तेथील अपील न्यायालयाने सांगितले. दोन्ही निकालांत वैद्याला जाब विचारला आहे. रुग्णाने स्वतः काय करावे, हे मात्र कायदा सांगत नाही. तिथे विवेकालाच बोलावे लागते.

विवेकापुढे मला एक गोष्ट ठेवावीशी वाटते. मानवी जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. संगणक रुग्णाची अक्षरे एका आधारभूत संचाशी ताडून पाहतो, तेव्हा लाखो ठिकाणी फरक निघतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. घातक कोणता, हे ठरते ते आधीच्या हजारो माणसांच्या नोंदींवरून. या नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा आहे. म्हणून आपल्याकडील रुग्णाच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा अधिक वेळा येतो. गाठीतील बिघाड ओळखण्याची विद्याही अशीच उभी राहिली. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या कर्करोग-जनुकसंच प्रकल्पात तेहतीस प्रकारच्या कर्करोगांच्या सुमारे अकरा हजार रुग्णांचे नमुने तपासले गेले. त्यांपैकी अनेक आज हयात नसतील. म्हणजे आपला अहवाल आपल्याला वाचता येतो, तो अनोळखी माणसांनी आपले गुपित जगाला दिले म्हणून. परक्यांच्या या औदार्यावर ज्याचे निदान झाले, त्याने सख्ख्या बहिणीला अंधारात ठेवावे, हे न्यायाला धरून दिसत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याला जाणून घ्यायचे नाही, त्याच्यावर ज्ञान लादावे काय? युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्याने जनुकीय चाचणीचा निष्कर्ष जाणून न घेण्याचाही हक्क मान्य केला आहे. तो मोडू नये. पण दार ठोठावणे आणि दार फोडणे यांत अंतर आहे. “माझ्या चाचणीत काही निघाले आहे, तुझ्याशीही त्याचा संबंध असू शकेल, ऐकायचे आहे का?” एवढे विचारल्याने कोणाचाही हक्क बुडत नाही. ‘नको’ म्हणण्याचा हक्कसुद्धा, प्रश्न विचारला गेला तरच बजावता येतो.

शिवाय येथे ज्ञान निष्फळ नाही. वेळेवर कळले तर नियमित तपासणी, शस्त्रक्रिया, औषधे असे मार्ग मोकळे असतात. ज्या रोगावर उपायच नाही, त्याचा विचार वेगळा करावा लागेल. परंतु उपाय असताना धरलेले मौन तटस्थ राहत नाही, त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी भरावी लागते.

अहवाल चव्हाट्यावर मांडावा, असे कोणी म्हणत नाही. गावापासून तो झाकून ठेवण्याचा अधिकार रुग्णाला जरूर आहे. मात्र ज्यांच्या रक्तात तेच अक्षर असू शकते, त्यांना गाव म्हणता येत नाही.